बाईंचा प्रोग्राम आणि एक रिकामी फाईल

बाईंना अर्धांगवायूचा झटका आला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही त्यांच्या भाच्याच्या मेसेजवरून. 'मावशी दवाखान्यात आहे. बोलता येत नाही. तिच्या फोनमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर होतं म्हणून कळवतोय.' माझं नाव वर होतं, कारण आधीच्या चार महिन्यांत बाईंनी मला कितीतरी वेळा फोन केला होता, आणि मी दर वेळी 'पुढच्या रविवारी नक्की येते' म्हणाले होते.

त्या मुरबाडला राहायच्या, मी आटगावला. मध्ये तासा-दीड तासाचा रस्ता. अशक्य काही नव्हतं.

बाई म्हणजे माझ्या आश्रमशाळेतल्या बाई. आमचा पाडा मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. मला भट्टीवर न्यायचं नाही असं आईनेच ठरवलं आणि सहाव्या वर्षी शाळेत आणून सोडलं. मला मराठी येत नव्हतं. आमची घरची बोली वेगळी. बाई तेव्हा नव्या होत्या, कडक होत्या. वर्गात जो घरची बोली बोलेल त्याने पाण्याच्या टाकीशी जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा नियम. मारायच्या नाहीत. नुसतं उभं करायच्या आणि तास संपला की विचारायच्या, "आता नीट सांग. तुला काय हवं होतं?"

मी फार वेळा उभी राहिले नाही. दुसरीत जाईपर्यंत माझं मराठी बाईंसारखं झालं होतं. इतकं की आई बाजाराच्या दिवशी फाटकाशी भेटायला आली आणि आमच्या बोलीत काहीतरी म्हणाली, तर मी तिला शुद्ध मराठीत उत्तर दिलं. आई हसली. बरोबरच्या शेजारणीला कौतुकाने म्हणाली, "बघ कशी बोलते." पुढच्या खेपेपासून तीच माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली. "जेवलीस का गो? आमी बरे हाव." मरेपर्यंत ती माझ्याशी तशीच बोलली. घरच्या बोलीत ती इतरांशी बोलायची. मी आले की थांबायची.

याचा राग मी कुणावर धरला होता हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी एक गोष्ट सुरू केली. त्या पाड्यापाड्यांवर जाऊन आमच्या बोलीतले शब्द गोळा करत होत्या. छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र घ्यायचं, म्हाताऱ्या माणसांसमोर बसायचं, शब्द बोलून घ्यायचा, अर्थ विचारून लिहायचा. भाच्याने कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला डेस्कटॉप आणून दिला, आणि साठी ओलांडलेल्या बाई व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकल्या. शब्द शोधायचा, अर्थ वाचायचा, बटण दाबून आवाज ऐकायचा, असा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला.

"मी तुम्हा मुलांचं जे केलं ते आता भरून येणार नाही," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "पण निदान शब्द तरी ठेवते."

मी "चांगलं आहे, बाई" एवढंच म्हणाले.

मग प्रोग्राम अडायला लागला. उघडायला पाच-सात मिनिटं घ्यायचा. उघडला की कधी नीट चालायचा, कधी एकाएकी बंद पडायचा, काही न सांगता. माझं रोजचं काम हेच. ऐरोलीच्या कंपनीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. बाईंना ते ठाऊक होतं. "अगं, तुझ्यासाठी तासाभराचं काम," त्या म्हणायच्या. शेवटच्या फोनवर म्हणाल्या, "ये ना. तुझ्यासाठी काहीतरी आहे माझ्याकडे. फोनवर नाही सांगत."

मला काम होतं हे खरं. पण खरं सांगायचं तर त्यांना थांबवून ठेवण्यात मला थोडं बरंही वाटत होतं. बाईंना माझी गरज आहे, आणि मी येते-येते म्हणतेय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यातून त्यांना घरी आणल्यावर मी पहिल्या शनिवारी गेले. उजवा हात आणि पाय गेला होता. चेहरा थोडा ओढला होता, पण डोळे तेच, वर्गात फिरायचे तसे. बोलणं मात्र गेलं होतं. सगळं शब्दभांडार जाऊन एकच शब्द उरला होता: "तेच." पाणी हवं तरी "तेच", दुखतंय तरी "तेच", रागावल्या तरी "तेच, तेच." त्यांना सांभाळायला दिवसभर एक मावशी येत. जवळच्याच गावच्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं, "ताई, मानेचं खरं धरायचं. तोंडाला तेवढंच येतं."

बाईंनी मला पाहिलं आणि डाव्या हाताने कोपऱ्यातल्या टेबलाकडे दाखवलं. कम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड झाकलेलं होतं. "तेच," त्या म्हणाल्या. मान होकारार्थी हलत होती.

मी कापड काढलं आणि बसले.

असल्या कामात पहिली गोष्ट म्हणजे कशालाही हात लावण्याआधी सगळ्याची कॉपी करून ठेवणं. मी बरोबर हार्ड डिस्क नेली होती. कॉपी व्हायला सगळी सकाळ गेली. मशीन फार जुनं. मशीन चालवणारी त्यावरची लिनक्स प्रणालीही इतकी जुनी की तिला नवी हत्यारं चालेनात, आणि जुनी हत्यारं जिथून उतरवून घ्यायची ती जागाच बदललेली. मला दोन हत्यारं बसवायची होती. एक डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते बघायची सोय. दुसरं प्रोफायलर, म्हणजे प्रोग्रामचा वेळ नेमका कुठल्या कामात जातो ते मोजणारं. माझ्या ऑफिसच्या मशीनवर ही दोन्ही असतातच, त्यांच्याकडे लक्षही जात नाही. इथे मोबाइलचं नेट लावून एकेक फाईल शोधत बसावं लागलं. अर्धी उतरायची आणि तुटायची. मावशींनी दोनदा चहा आणला. बाई खाटेवरून माझ्या पाठीकडे बघत होत्या हे मला न वळता कळत होतं. पेपर लिहिताना असंच कळायचं.

दुपारनंतर प्रोफायलर चालला. त्याने यादी दिली, आणि यादीत सगळ्यात वर एकच काम होतं. जवळजवळ सगळा वेळ त्यातच जात होता. बाईंनी त्याला नाव दिलं होतं 'आवाज_मोजणे', इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. प्रत्येक शब्दापुढे तो किती सेकंदांचा आहे ते दाखवायचं म्हणून प्रोग्राम दर वेळी उघडताना एकूण एक आवाजाची फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता. एकदा मोजून लिहून ठेवलं असतं तरी भागलं असतं. शिकाऊ माणसाची चूक. मीही केलेली आहे.

त्या कामाच्या वर बाईंनी स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या. प्रोग्राम चालताना मशीन त्या ओळी सोडून देतं, त्या फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असतात. मी वाचल्या.

'इथे फार वेळ लागतो. का? मुलीला विचारणे.'

त्याखाली: 'मुलगी कामात आहे. पुढच्या रविवारी.'

त्याखाली: 'मुलगी कामात आहे.'

आणि त्याखाली: 'स्वतः प्रयत्न केला. जमले नाही. पूर्ववत केले.'

बाईंनी लग्न केलं नव्हतं. मुलगी म्हणजे मी.

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. मावशींनी विचारलं, "काय झाला, ताई? बिघडला काय?" मी म्हटलं, "नाही. सापडलं थोडं." मग तेवढं काम दुरुस्त केलं. प्रोग्राम तीन सेकंदांत उघडला. बाईंना दाखवायला मी मशीन त्यांच्याकडे वळवलं आणि पहिला शब्द लावला.

खोलीत बाईंचा आवाज आला. जुना, खणखणीत. "शब्द पहिला. सांगणार..." आणि सांगणाऱ्या म्हातारीचं नाव, तिचा पाडा. मग म्हातारीने तो शब्द तीनदा म्हटला. मग पुन्हा बाई, "धन्यवाद, आजी." प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला त्यांनी असंच बोलून ठेवलं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जिचं बोलणं गेलंय तिला मी तिचंच बोलणं ऐकवत होते. मी घाईने बंद करायला गेले, तर बाईंनी डावा हात उंचावला. त्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायचा प्रयत्न करत होते. "शब्द पहिला," आवाज म्हणाला. "तेच," बाई म्हणाल्या.

मावशींनी पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

प्रोग्राम मध्येच बंद पडायचा त्याचं कारण मात्र त्या दिवशी सापडलं नाही. बाईंनी एक बटण ठेवलं होतं, ते दाबलं की सगळे शब्द एकामागून एक, पण उलटसुलट क्रमाने ऐकू यायचे. बंद पडणं त्यातच व्हायचं, कधी दहाव्या शब्दाला, कधी दोनशेव्या. डीबगर बसला होता, पण बंद पडल्यावर आत पाहिलं तर तो नुसती प्रश्नचिन्हं दाखवत होता. आवाज वाजवणारा भाग दुसऱ्या कुणी लिहिलेला होता, आणि त्यातल्या ओळींची नावं असलेली वेगळी फाईल लागते, ती नव्हती. ती मी आठवड्यात शोधून पेनड्राइव्हवर घेतली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. या खेपेला जायचं टाळावं असं मनात आलं नाही.

नावं बसवली, बटण दाबलं, आणि थांबले. शब्द वाजत राहिले. मावशी भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. एका म्हाताऱ्याच्या आवाजाला त्या दचकल्या. "हा तर आमच्या पाठल्या पाड्याचा! मेला गेल्या साली." मग पुन्हा ऐकत बसल्या.

बराच वेळ गेला. मग आवाज तुटला आणि पडद्यावर डीबगरने ओळ दाखवली. या वेळी प्रश्नचिन्हं नव्हती. आवाजाच्या लांबीने एका आकड्याला भागायचं होतं, आणि लांबी होती शून्य. शून्याने भागायला गेलं की मशीन हात टेकतं, तसं ते टेकत होतं. म्हणजे सगळ्या फाईलींत एक फाईल रिकामी होती, आणि तिची पाळी आली की सगळंच बंद पडत होतं.

फाईलचा नंबर होता चारशे बारा. मी बाईंच्या यादीत तो नंबर शोधला.

सांगणार: माझ्या आईचं नाव.

मला आधी वाटलं तेच नाव असलेली दुसरी कुणी असेल. पण पाडा आमचा होता. पुढे बाईंनी कंसात लिहिलं होतं, 'माझ्या विद्यार्थिनीची आई. तिला ऐकवायचे.'

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. पावसाळ्यात तापाने गेली, चार दिवसांत. जायच्या आदल्या उन्हाळ्यात ती फोनवर म्हणाली होती, "तुझी बाई आलती. मशीन घेऊन. बसली मोप टाइम." मी तेव्हा प्लॅटफॉर्मवर होते. "बरं," म्हटलं, "ठेवते गं, गाडी आली." काय बोलणं झालं, कशासाठी आल्या होत्या, काही विचारलं नाही.

शब्दापुढे अर्थ टाइप केलेला होता: 'बंद घर उघडल्यावर येणारा वास. भट्टीवरून परत आल्यावर.'

तो वास मला माहीत आहे. मेच्या सुट्टीत मी शाळेतून पाड्यावर जायचे, आणि आईबाबा भट्टीवरून आले की आई कुडाच्या भिंतीचं आमचं घर उघडायची. कोंदलेली माती, उंदीर, जुना धूर, आणि मधूनच ठेवलेल्या बियाण्याचा गोडसर वास. दारातच उभी राहून ती काहीतरी म्हणायची. दर वर्षी तोच शब्द. मी वही-पुस्तकं छातीशी धरून मागे उभी असायचे. तो शब्द काय होता ते मला आठवत नाही. बाईंनी तो देवनागरीत दोन प्रकारे लिहिला होता आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. म्हणून मीही तो इथे लिहीत नाही.

फाईल रिकामी का राहिली, हे कळलं नाही. यंत्रातून कम्प्युटरवर घेताना वीज गेली असेल. यंत्रावरचं मूळ त्यांनी पुढच्या पाड्यासाठी जागा करायला पुसलं असणार. मी डिस्क खरवडून काढली. ऑफिसातल्या, माझ्याहून जाणत्या दोघांना कॉपी दाखवली. काही उरलेलं नव्हतं. बाईंना मात्र वाटत होतं की आवाज आत आहे, प्रोग्राम चुकतोय म्हणून तो बाहेर येत नाहीये, आणि मी येऊन बसले की येईल. त्यासाठीच त्या मला बोलावत होत्या.

त्यापुढच्या शनिवारी त्यांना सांगणं भाग होतं. त्या खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "चारशे बारा नंबरची फाईल रिकामी आहे. आईचा आवाज त्यात नाही."

"तेच," त्या म्हणाल्या, आणि हाताने कम्प्युटरकडे दाखवत राहिल्या. "तेच. तेच." मान जोरात नकारार्थी.

"नाही आहे, बाई. मी सगळं बघितलं."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि स्वतःच्या ओठांकडे बोट नेलं, मग माझ्याकडे. मला समजायला वेळ लागला. त्यांना मी तो शब्द म्हणायला हवा होता. त्यांनी तो आईच्या तोंडून ऐकला होता. तो ऐकून लक्षात असलेलं जिवंत माणूस माझ्या माहितीत आता त्याच होत्या, आणि त्यांना तो उच्चारता येत नव्हता.

मी त्यांनी लिहिलेल्यांपैकी पहिला प्रकार वाचला. मान हलली, नाही. दुसरा वाचला. नाही. मी मधला आवाज ओढून पाहिला, मग नाकातून काढून पाहिला. नाही. वर्गात त्यांनी माझं 'नाय' सोडवून 'नाही' करून घेतलं होतं तेव्हाही असंच, शांतपणे, पुन्हा पुन्हा. मी म्हणत गेले. एकदा त्या क्षणभर थांबल्या, डोळे बारीक केले, जणू जवळ आलं. मी तेच पुन्हा म्हणायला गेले आणि ते माझ्याच तोंडून निसटलं, दुसऱ्यांदा तसं आलंच नाही. बाई "तेच, तेच" म्हणाल्या. मी मावशींकडे पाहिलं.

"मान नाय म्हनते, ताई," मावशी हलकेच म्हणाल्या.

मी खाटेच्या कडेला बसले आणि रडले. बाईंनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. शाळेत त्यांनी तो कधी ठेवला नव्हता.

बाबा आईच्याही आधी गेले होते, म्हणून नंतर मी पाड्यावर जाऊन आईच्या बहिणीला विचारलं. ती भट्टीवर जायच्या तयारीत होती, भांडी पोत्यात भरत होती. "असंल असा शब्द," ती म्हणाली. "तुझी आई मोप काय काय बोलायची. मना नाय याद." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तवा तुला नको व्हता."

ती टोचून म्हणाली नाही. पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाली.

प्रोग्राममध्ये मी शेवटची दुरुस्ती केली. फाईल रिकामी असेल तर बंद पडू नये, तिथे एक ओळ दाखवावी आणि पुढे जावं. त्या ओळीत काय लिहायचं याचा विचार मी दोन दिवस केला. शेवटी लिहिलं: 'आवाज नाही. अर्थ आहे.'

त्यानंतर बाई चार महिने होत्या. मी बहुतेक शनिवारी जायचे. रोज मावशी बटण दाबायच्या आणि दोघी ऐकत बसायच्या. एके सकाळी बाई चहा घेताना गेल्या. मावशींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मला पहिल्यांदा ऐकू आला तो मागे चालू असलेला प्रोग्राम. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर भाच्याने खोली रिकामी करायला घेतली. कम्प्युटर मी आटगावला आणायचं ठरलं. मी तारा काढत होते तेव्हा मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तिथलं काम संपलं होतं, पण त्या आल्या होत्या.

"ताई, माझ्या मोबाइलमदी टाकता येल का थोडं?"

"सगळं टाकते की."

"सगळं नको. तो पाठल्या पाड्याचा म्हातारा, तेवढा. आनि..." त्या थांबल्या. "आनि बाईंचं एखादं. नुसतं त्या बोलतात ते."

मी पुन्हा तारा जोडल्या. म्हाताऱ्याच्या सगळ्या फाईली शोधून त्यांच्या कार्डावर घातल्या, आणि एका फाईलमधून बाईंचं बोलणं वेगळं कापून दिलं. त्यांनी फोन कानाला लावून ते तिथेच एकदा ऐकलं, मान हलवली, आणि फोन कापडी पिशवीत नीट खाली ठेवून पायऱ्या उतरल्या.